जुहूच्या वाळूवरून पाण्याखालच्या सफरीला

जुहूची चौपाटी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. भेळ, बर्फाचा गोळा, घोड्यावरची चक्कर आणि घरी गेल्यावर चपलेतून निघणारी वाळू! आज आपण जुहूला जायचं आहे ते मात्र वेगळ्या कामासाठी. एका लांबच्या सफरीची तयारी करायला. ती सफर आठ दिवसांची आहे, ती बोटीवरून करायची आहे आणि तिच्यातला सगळ्यात चांगला भाग पाण्याखाली घडणार आहे.

पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली उतरण्याला स्कूबा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. फ्रान्सच्या झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली त्यासाठीचं श्वासाचं यंत्र तयार केलं आणि माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला. पण चांगल्या जागा किनाऱ्यापासून दूर असतात. रोज जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर अर्धा दिवस प्रवासातच जातो. म्हणून काही बोटीच अशा बांधतात की माणसं तिथेच राहतात, जेवतात, झोपतात आणि दिवसातून तीनदा पाण्यात उतरतात. या बोटींना 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. आपण सोयीसाठी मुक्कामी बोट म्हणू. अशा बोटी अंदमानात आहेत, पण मुंबईची मंडळी जास्त करून जातात ती मालदीवला. विमानाने साधारण तीन तास. मुंबईहून सुटणारी बहुतेक विमानं जुहूच्या किनाऱ्यावरूनच समुद्रावर झेपावतात. खिडकीजवळ बसलात तर खाली चौपाटी अगदी भुऱ्या फितीसारखी दिसेल.

तुम्ही म्हणाल, जुहूलाच एवढा समुद्र आहे, मग इथेच का नाही बुडी मारायची?

त्याचं उत्तर जुहूचं पाणी ओंजळीत घेतलं की मिळतं. पाणी गढूळ आहे. आपला किनारा उथळ आणि चिखलाचा. उत्तरेला मालाडची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि तिच्यात येणारी मिठी नदी. खाड्या गाळ आणतात, शहराचं सांडपाणीही आणतात (ते आपणच सोडलेलं असतं!), आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा हे सगळं ढवळून काढते. अशा पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत. मालदीवच्या बेटांवर एकही नदी नाही. गाळ आणणारं कुणी नाही, म्हणून तिथलं पाणी काचेसारखं. पोवळ्यांना असंच पाणी लागतं, कारण त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि त्या शेवाळाला ऊन मिळालं तरच ते पोवळ्यांसाठी अन्न बनवतं.

पण म्हणून मुंबईचा समुद्र रिकामा आहे असं मुळीच समजू नका. ओहोटीला जुहूच्या ओल्या वाळूवर जपून चालत जा. वाटाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती करतो एक इवलासा खेकडा. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातले अन्नाचे कण चाटूनपुसून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटणारे खेकडे दिसतील. २०१७ सालापासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही निसर्गप्रेमींची मंडळी लोकांना ओहोटीच्या वेळी मुंबईच्या किनाऱ्यांवर घेऊन जाते आणि हे जीव दाखवते. आणि मुंबईत पोवळीसुद्धा आहेत! २०२० साली कोस्टल रोडचं काम चालू असताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची पोवळी उचलून दुसऱ्या जागी लावावी लागली, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना ती प्रथमच कळली.

तेव्हा सफरीच्या तयारीचा पहिला धडा जुहूच्या वाळूवरच गिरवायचा. हळू चालायचं, वाकून बघायचं, हात लावायचा नाही. पाण्याखाली हेच करायचं असतं. जो इथे दहा मिनिटं एका खेकड्याजवळ बसू शकत नाही, त्याला तिथे शार्क दिसला तरी तो पुढच्या शार्ककडेच धावेल.

आता दुसरा धडा. यासाठी घरातलं कालनिर्णय हवं. समुद्राची वेळ तिथीवर चालते, हे कोळीबांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघेल. आज अष्टमी आहे? आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा झाला अंदाज, पण कागद-पेन्सिलीशिवाय काढलेला अंदाज इतका जवळ जातो हे नवल नाही का? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी. तो भांग. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं, म्हणजे दीड मजला!

मालदीवला जाणाऱ्याला याचा काय उपयोग? खूप. मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं, आणि ती गोल गोल कंकणांमध्ये मांडलेली. भूगोलात आपण त्यांना कंकणद्वीप म्हणतो. इंग्रजीतला 'अॅटॉल' हा शब्द मालदीवच्याच भाषेतून जगभर गेला आहे. या कंकणांना मधेमधे खिंडी असतात आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यांतून नदीसारखं आत-बाहेर धावतं. त्या प्रवाहाबरोबर मोठे मासे येतात, म्हणून पाणबुडे तिथेच उतरतात. पण प्रवाह उधाणाला जोरात आणि भांगाला मवाळ असतो. नवशिक्या माणसाने सफरीची तारीख ठरवताना विमानाच्या तिकिटाबरोबर तिथीही पाहावी.

जुहूला मोरागाव आणि जुहू कोळीवाडा आहे, थोडं उत्तरेला वेसावे. मुक्कामी बोटीची खरी पूर्वतयारी पाहायची असेल तर वेसाव्याच्या बंदरावर जा. खोल समुद्रात जाणाऱ्या होड्या कित्येक दिवस परत येत नाहीत. निघण्यापूर्वी बर्फ भरायचा, डिझेल, गोडं पाणी, तांदूळ, मसाला, चहा-साखर, औषधं. विसरलेली काडेपेटी आणायला मधूनच परत फिरता येत नाही! आणि होडीवर तांडेलाचा शब्द शेवटचा. खलाशी वयाने मोठा असला तरी तांडेल 'आज जाळं टाकायचं नाही' म्हणाला की नाही. पाणबुड्यांच्या बोटीवर तांडेलाच्या जागी बुड्यांचा प्रमुख असतो, एवढाच फरक. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तुम्हीही जुहूच्या पाण्यात उतरायचं नाही, घोट्याएवढ्यासुद्धा नाही. लाटा ओढून नेतात आणि निळ्या फुग्यासारखे दिसणारे विषारी जीव वाळूवर येऊन पडतात. लाल बावटा दिसला आणि जीवरक्षकाने शिट्टी मारली की मुकाट्याने मागे फिरायचं. ही सवय ज्याला नाही, त्याला बोटीवर कुणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पोहण्याचं काय? पोहायला हवंच. अभ्यासक्रमात साधारण दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं आणि कशाचाही आधार न घेता दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेळेची घाई नसते. पन्नास मीटरच्या तलावात चार लांब्या झाल्या की दोनशे मीटर झाले. जुहूच्या मुलांना पार्ल्याचं प्रबोधनकार ठाकरे क्रीडा संकुल किंवा अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल जवळ आहे. गंमत म्हणजे पुष्कळ मुलं लांब्या सहज मारतात आणि दहा मिनिटं तरंगताना मात्र कंटाळतात, हातपाय झाडू लागतात. स्कूबाला उपयोगी पडतं ते तरंगणंच. अंग सैल सोडून, सावकाश श्वास घेत पडून राहायला शिका.

श्वास सावकाश का? त्यासाठी एक गणित करू. आपल्या डोक्यावर हवेचा दाब असतो, एक वातावरणाचा. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. नळकांडं बारा लिटरचं असतं आणि त्यात हवा दोनशे पट दाबून भरलेली असते. झाली २४०० लिटर. पाण्याच्या वर तुम्ही मिनिटाला वीस लिटर हवा घेत असाल, तर ती दोन तास पुरेल. पण वीस मीटर खोलीवर प्रत्येक श्वासात तिप्पट हवा लागते. मग उरली किती मिनिटं? चाळीस! त्यातली पाव हवा राखीव ठेवायची, तिला हात लावायचा नाही. मग तीसच मिनिटं. आता सांगा, घाबरून धापा टाकणारा किती वेळ टिकेल?

याच दाबामुळे कान दुखतात. विमान उतरताना कानात दडे बसतात ना, तसंच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान मोकळे होतात. हे दर मीटरभर खाली जाताना, दुखायच्या आधी करायचं. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत. मग त्या दिवशी बुडी नाही. एवढे पैसे भरले, एवढ्या लांब आलो, म्हणून सर्दीची गोळी घेऊन उतरणारे महाभाग असतात. त्यांचं अनुकरण करू नका. खाली असताना गोळीचा परिणाम संपला तर वर येताना कानात अडकलेली हवा भयंकर दुखवते.

आणि सगळ्यात मोठा नियम: पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटरवर छाती भरून पाच लिटर हवा घेतली आणि श्वास कोंडून वर आलात, तर वर येईतो ती दहा लिटर व्हायला बघते. फुप्फुसं काही फुग्यासारखी ताणत नाहीत. म्हणून तोंडातून यंत्र निसटलं तरी बारीक 'आऽऽ' करत बुडबुडे सोडत राहायचे, हे तलावात शंभरदा घोटून घेतात.

आता गोळीचा सोडा आठवा. बाटली बंद असते तेव्हा सोडा शांत दिसतो. गोळी आत ढकलली की फस्सकन फेस! दाब गेला की पाण्यात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर येतो. खोल पाण्यात आपल्या हवेतला नायट्रोजन असाच रक्तात आणि अंगात विरघळतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. झपाट्याने वर आलं तर अंगातच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी जिवावर बेततं. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. मुक्कामी बोटीवर तर जास्तच जपावं लागतं, कारण रोज तीन-तीन बुड्या होतात आणि कालचा थोडा नायट्रोजन आजही अंगात शिल्लक असतो. शिलकीचा हिशोब मनगटावरचं घड्याळासारखं यंत्र ठेवतं. पण यंत्रावर सगळं सोपवून डोकं बाजूला ठेवायचं नसतं बरं का.

जुहूच्या वाळूवर उभं राहिलात की अधूनमधून डोक्यावरून हेलिकॉप्टर जाताना दिसेल. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन छोट्या विमानाने उतरले ते इथेच. आता इथून मुख्यत्वे हेलिकॉप्टरं उडतात आणि त्यांतली पुष्कळ समुद्रातल्या तेलविहिरींकडे जातात. १९७४ साली सापडलेलं 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र इथून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथे समुद्रतळ ७५ मीटरच्या आसपास खोल. तळावरचे नळ दुरुस्त करायला पाणबुडे लागतात, आणि त्यांची राहण्याची तऱ्हा ऐकाल तर थक्क व्हाल. रोज खाली-वर करण्याऐवजी ते जहाजावरच्या एका बंद पोलादी कोठीत राहतात. कोठीत समुद्रतळाइतकाच दाब ठेवलेला असतो. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं. काम असेल तेव्हा एका घंटेच्या आकाराच्या पाळण्यातून तळाला जायचं आणि परत कोठीत यायचं. असं जवळजवळ चार आठवडेसुद्धा चालतं. श्वासाला हेलियम मिसळलेली हवा असते, त्यामुळे सगळ्यांचे आवाज बदकासारखे होतात. आणि काम संपल्यावर दाब इतका सावकाश उतरवतात, की दार उघडायला तीन-चार दिवस लागतात. घर कोठीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, पण घाई करता येत नाही!

आपली सफर मौजेची आहे. तिच्यात इतकं खोल जायचं नाही. मालदीवात मौजेने बुडी मारणाऱ्यांना तीस मीटरची मर्यादा आहे, आणि मुलांना त्याहून पुष्कळ कमी. दहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय समुद्रातलं प्रशिक्षण मिळत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी बारा मीटरच्या खाली जायचं नाही, आणि तेही आई-बाबा किंवा शिक्षक बरोबर असतील तरच. पुष्कळ मुक्कामी बोटी तर लहान मुलांना घेतच नाहीत, किंवा आधी केलेल्या बुड्यांची वही दाखवा म्हणतात. यात रागावण्यासारखं काही नाही. तुम्ही आज सहावीत असाल तर दहावीनंतरच्या सुट्टीतली सफर डोळ्यांसमोर ठेवा. तयारीला भरपूर वेळ मिळेल.

आणि मधल्या वर्षांत महाराष्ट्रातच शिकता येतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. शिवरायांनी समुद्रात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणबुडे उतरतात. तिथलं पाणी मालदीवइतकं नितळ नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण गढूळ पाण्यात शिकलेल्याला नितळ पाणी म्हणजे मेजवानीच. त्याच किनाऱ्यावर विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर पोवळ्यांचं एक पठार पाण्याखाली बुडालेलं आहे. त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं आहे: आंग्रिया बँक. त्याचा माथाच वीस मीटर खोल, त्यामुळे वरून काही म्हणजे काही दिसत नाही. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांची एक तुकडी 'सागर संपदा' या संशोधन जहाजावर मुक्काम करून तिथे बुड्या मारून आली. आपल्या मुलखातली ही खरीखुरी मुक्कामी सफर!

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकाव्या लागतात. या घरीच शिका. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की 'सगळं ठीक'. अंगठा वर केला की आपण 'झकास' म्हणतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. तुम्हाला मासा आवडला म्हणून अंगठा दाखवलात तर सोबती तुम्हाला घेऊन वर निघेल! सोबती तर हवाच. एकट्याने उतरायचं नाही. उतरण्यापूर्वी एकमेकांचे पट्टे, हवेचा काटा, वजनं तपासायची. भाऊ-बहीण असाल तर जुहूला जातानाच हा खेळ खेळा: एक तास न बोलता, फक्त खुणांनी, एकमेकांपासून दोन हातांपेक्षा लांब न जाता फिरायचं. भांडण न होता तास पार पडला तर तुम्ही निम्मे तयार झालात.

एक खूण मात्र शिकायला सगळ्यात अवघड. 'मला आज उतरायचं नाही.' पाणबुड्यांमध्ये रिवाज असा, की कुणीही, कधीही, कारण न सांगता बुडी रद्द करू शकतो आणि बाकीच्यांनी 'का रे?' म्हणायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाने म्हटलं तरी तेच. आपल्याकडे 'घाबरट' म्हणून चिडवायची सवय फार. आई-बाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी: सफरीच्या आधी घरात एकदा ठरवून टाका, की 'नको' म्हटल्यावर कुणी हसणार नाही आणि पैशांची आठवण करून देणार नाही. मुलाने भीती लपवून पाण्यात उतरणं यासारखा दुसरा धोका नाही.

बोट ठरवताना आई-बाबांनी आणखी काही प्रश्न विचारायचे असतात. पंचतारांकित जेवणाचे फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही विचारा: प्राणवायूची टाकी आहे का? मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं आहेत का? झोपायच्या खोल्यांतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का? रात्री जागता पहारा असतो का? दुखापत झाली तर दाबाची कोठी असलेलं इस्पितळ किती तासांवर? हे उगाच सांगत नाही. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या अशाच एका बोटीला आग लागली आणि खाली झोपलेली ३४ माणसं दगावली. रात्री पहाऱ्याला कुणीच नव्हतं. २०२३ साली न्यायालयाने तिच्या कप्तानाला दोषी ठरवलं. तेव्हापासून शहाणे पाणबुडे दोन गोष्टी करतात. पहिल्याच दिवशी दोन्ही वाटांनी स्वतः चालून पाहतात, आणि कॅमेऱ्याची किंवा मोबाइलची बॅटरी चार्जिंगला लावून झोपत नाहीत.

बॅग भरायची? ती सोपी आहे. कडक पेटी नको, घडी होणारी कापडी पिशवी घ्या, कारण खोली आपल्या रेल्वेच्या कूपेएवढी. कपडे फार नकोत. बोटीवर सगळे अनवाणीच असतात. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, तो मात्र आधी करून घ्या आणि तलावात वापरून बघा. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख हवा. पाणी २८-२९ अंश असलं तरी ते हवेपेक्षा कितीतरी भराभर अंगातली ऊब ओढून नेतं, तिसऱ्या बुडीला दात वाजतात. शिट्टी, छोटा टॉर्च, आणि वर आल्यावर बोटीला दिसावा म्हणून फुगवायचा केशरी फुगा. वैद्यकीय तपासणीचा कागद, प्रशिक्षणाचं कार्ड, पासपोर्ट आणि पाणबुड्यांचा विमा. दमा, कानाचं जुनं दुखणं, फिट येणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना लपवू नका.

बोट लागते का, हे घरबसल्या कळणार नाही. आधी वेसाव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत बसा. ती पाच मिनिटांची, गंमत म्हणून. मग थंडीच्या दिवसांत गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसा. मळमळलं तर खाली मान घालून मोबाइल बघू नका, दूर क्षितिजाकडे नजर लावा, आल्याची वडी चघळा. तरीही त्रास झाला तर सफरीआधी डॉक्टरांना विचारून औषध घ्या, आणि ते पाणबुडीसाठी चालेल का हेही विचारा. काही गोळ्यांनी झोप येते.

मालदीवात राहायची बोट मोठी, आणि तिच्याबरोबर एक छोटी बोट चालते. तिला म्हणतात 'धोनी'. नाही, क्रिकेटवाला नव्हे! कानडीत होडीला दोणी म्हणतात, त्याच्याच जवळचा शब्द. नळकांडी आणि ती भरणारं यंत्र या धोनीवर, म्हणजे मोठ्या बोटीवर आवाज नाही. सकाळी सहाला घंटा. आज कुठे उतरायचं, प्रवाह कुठून कुठे, हवा किती उरली की वळायचं, हे फळ्यावर काढून सांगतात. तेव्हा लक्ष दिलं नाही तर पाण्याखाली पुन्हा विचारता येत नाही. मग बुडी, न्याहरी, झोप, बुडी, जेवण, झोप, बुडी. दुपारची झोप आळस म्हणून नव्हे, नियम म्हणून घ्यायची! रात्री आठला सगळे घोरायला लागतात.

आणि खाली? लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, सगळं निळं-हिरवं दिसतं. टॉर्च टाकला की लाल मासा एकदम लाल! मास्कमधून वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, म्हणून हातभराचा मासा पुढे सांगताना दोन हातांचा होतो. आवाज पाण्यात इतका वेगाने येतो, की तो कुठल्या बाजूने आला हे कानांना कळतच नाही. पोवळ्यांची रानंही दिसतील, पण सगळीच रंगीत नसतील. १९९८, २०१६ आणि २०२४ साली समुद्र फार तापला आणि मालदीव-लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली. काही सावरली, काही मेली. मेलेल्या पोवळ्यांवर शेवाळ धरलेलं दिसलं तर नजर फिरवू नका. तेही बघा आणि वहीत लिहा.

शेवटचा दिवस कोरडा असतो. विमान वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचं पुन्हा सोड्यासारखं व्हायची भीती. म्हणून अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही, बहुतेक बोटी चोवीस तास सांगतात. परतीचं तिकीट काढतानाच हे लक्षात ठेवायचं. त्या दिवशी सगळं सामान गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालायचं आणि बुड्यांची वही पुरी करायची. तारीख, वेळ, खोली, किती हवा घेऊन उतरलो, किती घेऊन वर आलो, सोबत कोण होतं, काय दिसलं.

ही वही मात्र आत्ताच आणा. पुढच्या पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी साडेसातच्या सुमारास जुहूला मोठी ओहोटी असेल. गणित करून पाहा, बरोबर येतं का. पहिल्या पानावर तिथी लिहा, भरतीची वेळ लिहा, आणि खोलीच्या रकान्यात लिहा: घोट्याएवढी.